सनद, निशाण आणि तोफ
लंडनच्या राखीव तोफखान्याचा इतिहास व बहुमान

ज्युबिलीच्या पुस्तकांत एका तोफखान्याचा इतिहास वाचावयास मिळावा, याचें आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु हा तोफखाना मूळचा संत जॉर्जच्या नांवानें स्थापिलेला बंधुसंघ होता; त्याची प्रारंभींची नेमबाजी एका मठाच्या जमिनीवर झाली; आणि त्याला मैदानी तोफा मिळाल्या त्या, लंडनांतील काथलिक लोकांचीं घरें व प्रार्थनामंदिरें जाळीत सुटलेल्या जमावापासून शहर राखल्याबद्दल. एवढें सांगितल्यावर विषयाच्या निवडीचें आणखी समर्थन करण्याची आम्हांस गरज दिसत नाहीं.

ही संस्था म्हणजे लंडन शहराची ऑनरेबल आर्टिलरी कंपनी. ब्रिटिश सैन्याचे दोन भाग आहेत. एक बारमाही पगारी सैन्य आणि दुसरें राखीव सैन्य. राखीव सैन्यांतील मनुष्य एरवीं आपल्या पेढीवर किंवा कचेरींत काम करतो, ठरलेल्या संध्याकाळीं व सुटीच्या दिवशीं कवाईत शिकतो, आणि देशावर प्रसंग आला म्हणजे गणवेष चढवून निघतो. ही कंपनी त्या दुसऱ्या भागांत मोडते. ब्रिटिश सैन्यांत जीं दलें आज हयात आहेत, त्यांत सर्वांत जुनें म्हणून हिचेंच नांव घेतात. हिची सनद १५३७ सालच्या २५ ऑगस्टची आहे. म्हणजे वसई पोर्तुगीजांच्या हातीं येऊन तेव्हां पुरतीं तीन वर्षेंही झालीं नव्हतीं.

सनद देणारा राजा आठवा हेन्री. दोनच वर्षांपूर्वीं, १५३५ सालीं, याच राजानें सर टॉमस मोर व बिशप जॉन फिशर यांचा शिरच्छेद करविला होता, व देशांतील मठ मोडण्याचें काम त्यानें हातीं घेतलें होतें. तरी नव्या संघाला नांव द्यावयाची वेळ आली तेव्हां त्याला संत जॉर्जच आठवला! रोमशीं संबंध तोडणें सोपें, पण लोकांच्या जिभेवरचा संत उतरविणें सोपें नसतें, असें आम्हांस वाटतें. राजाच्या शस्त्रागाराचा अधिकारी सर क्रिस्तोफर मॉरिस हा संघाच्या चालकांत मुख्य होता. सनदेंत मोठें धनुष्य, आडवें धनुष्य व हातबंदूक या तिन्ही शस्त्रांच्या अभ्यासाचा उल्लेख आहे. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. 'आर्टिलरी' या शब्दाचा अर्थ त्या काळीं केवळ तोफ असा नव्हता. जें जें दूर फेंकून मारतां येतें, तें सर्व आर्टिलरी. म्हणून नांव तोफखान्याचें आणि हातांत धनुष्य, यांत त्या लोकांना कांहींच विसंगत वाटत नसे.

सनदेंतील एक कलम मोठें मौजेचें आहे. सभासदानें नेहमींच्या ठिकाणीं निशाणावर नेम धरतांना 'फास्ट' अशी आरोळी ठोकली, आणि तरीही कोणी वाटसरू मध्यें आल्यामुळें बाण लागून मेला, तर त्या सभासदास मनुष्यवधाचा गुन्हेगार धरूं नये, असें राजानें लिहून दिलें. वाटसरूच्या वारसांस काय द्यावें, याविषयीं मात्र राजेसाहेबांस चिंता पडलेली दिसत नाहीं.

नेम मारण्यासाठीं जागा मिळाली ती लंडनच्या वेशीबाहेर, स्पिटलफील्ड्स येथें. ही जमीन संत मरियेच्या नांवाच्या मठाची व त्याच्या रुग्णालयाची होती. १५३८ सालीं ती नेमबाजीसाठीं घेण्यांत आली, आणि पुढल्याच वर्षीं मठ मोडला. ज्या आवारांत आजारी व निराधार लोकांची शुश्रूषा होत असे, त्याच्या कुंपणाशीं बाणांचे नेम सुरू झाले. तें रुग्णालय बंद झाल्यावर तेथले रोगी कोठें गेले असतील, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

पुढल्या शंभर वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यांत आटपतों. १५८८ सालीं स्पेनचें आरमार चालून आलें, तेव्हां या बागेंत शिकून तयार झालेल्या गृहस्थांनीं टिलबरीच्या छावणींत शिपाई तयार करण्याचें काम केलें. १६३८ सालीं कंपनीचा जुना सभासद रॉबर्ट केन यानें अमेरिकेंत बॉस्टन येथें त्याच नमुन्याची दुसरी कंपनी काढली. तीही अद्याप चालू आहे. १६४१ च्या सुमारास मूळ कंपनी फिन्सबरीच्या मैदानावर गेली, व तेथेंच ती आजतागायत आहे. राजा व पार्लमेंट यांचें युद्ध जुंपलें, तेव्हां एकाच मैदानावर शिकलेले लोक दोन्ही बाजूंनीं लढले. राजसत्ता पुन्हां स्थापन झाल्यावर यॉर्कचा ड्यूक जेम्स हा कंपनीचा प्रमुख झाला. हाच पुढें दुसरा जेम्स म्हणून गादीवर बसलेला काथलिक राजा. 'ऑनरेबल', म्हणजे सन्माननीय, हें उपपद १६८५ सालीं, म्हणजे त्याच्या राज्यारोहणाच्याच वर्षीं, प्रथम वापरांत आलेलें दिसतें; त्यावर सरकारी शिक्का मात्र व्हिक्टोरिया राणीनें १८६० सालीं मारला.

फिन्सबरीच्या या मैदानाची हकीकत युद्धापेक्षां खेळासाठींच अधिक सांगण्यासारखी आहे. कंपनीची आर्मरी हाऊस ही इमारत तेथें १७३५ सालीं उभी राहिली. अठराव्या शतकांत लंडनांत क्रिकेट पाहावयाचें तर तें येथेंच. १७४४ च्या जून महिन्यांत केंट परगण्याचा संघ व उरलेला इंग्लंड यांचा गाजलेला सामना याच गवतावर झाला. पुढें १७८४ सालच्या १५ सप्टेंबर रोजीं व्हिन्सेंझो लुनार्दी नांवाचा एक इटालियन गृहस्थ याच मैदानांतून फुग्यांत बसून आकाशांत गेला. इंग्लंडच्या भूमीवरून फुग्यांतून झालेलें हें पहिलें गाजलेलें उड्डाण. त्यानें बरोबर एक मांजर, एक कुत्रा व एक कबुतर घेतलें होतें. मांजर वाटेंत गारठल्यामुळें त्यानें फुगा खालीं आणून तिला उतरवून दिलें, व पुन्हां वर गेला. असो.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं.

१७७८ सालीं पार्लमेंटानें काथलिकांवरील जुलमी कायद्यांपैकीं कांहीं सैल केले. जमीन विकत घेणें, वारसानें मिळविणें, शाळा चालविणें, या बाबतींत थोडी मोकळीक मिळाली. यांत दयाबुद्धीचा भाग होता, तसा गरजेचाही होता. अमेरिकेंतील युद्धासाठीं शिपाई हवे होते, आणि भरतीच्या वेळीं जी शपथ घ्यावी लागे तींत स्वधर्माचा इन्कार असल्यामुळें प्रामाणिक काथलिक मनुष्य ती घेऊं शकत नसे. नव्या कायद्यानें त्याच्यासाठीं निराळी शपथ ठरविली. इतक्या अल्प सवलतीवरून लॉर्ड जॉर्ज गॉर्डन नांवाच्या एका तरुण सरदारपुत्रानें रान उठविलें.

१७८० च्या २ जून रोजीं, शुक्रवारीं, थेम्सच्या दक्षिणेस संत जॉर्जच्याच नांवाच्या मैदानांत सुमारें ५०,००० माणसें जमलीं व पार्लमेंटावर चालून गेलीं. (याच मैदानाच्या परिसरांत पुढें १८४८ सालीं काथलिकांचें संत जॉर्जचें भव्य मंदिर उघडलें, तें आज कॅथीड्रल आहे.) त्याच रात्रीं सार्डिनिया व बव्हेरिया येथील वकिलांचीं प्रार्थनामंदिरें लुटलीं गेलीं. परदेशी वकिलांच्या आश्रयाखालीं चालणारीं अशीं मंदिरेंच लंडनच्या काथलिकांना मिस्सेसाठीं उघड जाण्याचीं ठिकाणें होतीं. रविवारीं, ४ तारखेस, जमाव मूरफील्ड्स या वस्तींत शिरला. तेथें गरीब आयरिश मजूर राहात असत. त्यांचें मंदिर मोडलें, घरांतील सामान रस्त्यावर आणून त्याची होळी केली. ही वस्ती कंपनीच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर होती. शिपाई आले होते. परंतु मजिस्ट्रेटाच्या हुकुमावांचून हत्यार चालविण्यास ते धजेनात, आणि लॉर्ड मेयर ब्रॅकली केनेट हुकूम देईना. या कसुरीबद्दल त्याच्यावर मागाहून खटला होऊन तो दोषी ठरला. पण मजुरांच्या झोंपड्या तोंवर राख झाल्या होत्या.

लंडनचे वृद्ध बिशप रिचर्ड चॅलोनर यांचें वय त्या वेळीं ८८ होतें. इंग्रजी बोलणारे काथलिक पिढ्यान् पिढ्या ज्या भाषांतरांत पवित्र शास्त्र वाचीत आले, तें सुधारून देणारे ते हेच. त्यांना मित्रांनीं रातोरात शहराबाहेर फिंचली गांवीं हलविलें. त्या धक्क्यांतून ते सावरले नाहींत. १७८१ च्या जानेवारींत त्यांना देवाज्ञा झाली.

मंगळवारीं न्यूगेटचा तुरुंग जळला. बुधवारीं, ७ तारखेस, होबर्न येथील टॉमस लँगडेल या काथलिक व्यापाऱ्याची दारूची भट्टी पेटविली, आणि रस्त्यांतून वाहणारी कच्ची दारू ओंजळीनें पिऊन पुष्कळ माणसें तेथेंच मेलीं. त्याच दिवशीं जमाव बँक ऑफ इंग्लंडवर तुटून पडला. आतां मात्र राजाच्या हुकुमानें सैन्य मोकळें झालें होतें. पगारी शिपाई, नागरिकांच्या तुकड्या व आमची ही आर्टिलरी कंपनी यांनीं शहराची राखण केली, बँक वांचली, आणि दंगा दोन दिवसांत विझला. सरकारी गणतीप्रमाणें सैन्याच्या हातून २८५ माणसें मरण पावलीं. गॉर्डनवर राजद्रोहाचा खटला झाला, पण तो सुटला. कांहीं वर्षांनीं त्यानें यहुदी धर्म स्वीकारला आणि १७९३ सालीं, दुसऱ्याच एका अपराधाची शिक्षा भोगीत असतां, त्याच न्यूगेटच्या तुरुंगांत तो वारला.

या कामगिरीबद्दल लंडन शहराकडून कंपनीला दोन पितळी मैदानी तोफा भेट मिळाल्या, व त्यांतून कंपनीचा तोफखाना विभाग उभा राहिला. आर्टिलरी हें नांव धारण करून सुमारें २४० वर्षें लोटल्यावर खरी आर्टिलरी हातीं आली! आम्ही येथें भाबडेपणा करूं इच्छीत नाहीं. बँकेच्या दारांत जी तत्परता दिसली, ती मूरफील्ड्सच्या गल्लींत कोणाचीच दिसली नाहीं. सोन्याच्या तिजोरीसाठीं जो हुकूम निघाला, तो मजुराच्या घरासाठीं तीन दिवस आधीं निघाला असता, तर बरेंच कांहीं वांचलें असतें. तरीही ज्या संस्थेची सनद आठव्या हेन्रीच्या शिक्क्याची, तिला तोफा मिळाव्या त्या काथलिकद्वेष्ट्या जमावाला आवरल्याबद्दल, हा योग इतिहासांत वारंवार येणारा नव्हे.

तोफखान्याचे बहुमान कसे मोजतात, हें येथें सांगणें अवश्य आहे. पायदळाच्या पलटणीजवळ रेशमी निशाण असतें. जी लढाई गाजली तिचें नांव त्यावर भरतकामानें चढतें. शाही तोफखान्याजवळ असें निशाण नाहीं. तोफ हेंच त्याचें निशाण. तोफखाना प्रत्येक लढाईंत असतोच, मग नांवें किती लिहावीं? म्हणून चौथ्या विल्यम राजानें १८३२ सालीं त्याला 'उबिक्वे', म्हणजे 'सर्वत्र', हा एकच लॅटिन शब्द दिला. आमच्या कंपनीची गोष्ट निराळी. तिच्यांत पायदळ व तोफखाना दोन्ही असल्यामुळें तिच्याजवळ निशाणही आहे आणि तोफाही आहेत. तिचें स्वतःचें बोधवाक्य 'आर्मा पाचिस फुल्क्रा' असें आहे. शस्त्रें हीं शांततेचा आधार होत, असा त्याचा भावार्थ.

निशाणावरचें पहिलें नांव दक्षिण आफ्रिका, १९०० हें. बोअर युद्धांत लंडन शहरानें जी स्वयंसेवकांची फौज पाठविली, तिच्या मैदानी तोफा या कंपनीच्या लोकांनीं चालविल्या. १९०८ सालीं स्वतंत्र कायदा होऊन कंपनी प्रादेशिक सैन्यांत सामील झाली.

पहिल्या महायुद्धांत कंपनीनें पायदळाच्या तीन पलटणी व सात बॅटऱ्या उभ्या केल्या. पैकीं बी बॅटरीची हकीकत आमच्या वाचकांस जवळची वाटेल, कारण ती एडनची आहे. आणि एडनचा कारभार तेव्हां, व पुढें १९३२ पर्यंत, मुंबई इलाख्याकडे होता. १९१५ च्या जुलैंत तुर्की फौजेनें लाहेज घेऊन शेख उस्मान हें गांव काबीज केलें. एडनला पिण्याचें पाणी याच गांवाहून येत असे. म्हणजे शहराचा गळाच शत्रूच्या मुठींत सांपडला. तेव्हां इजिप्तहून हिंदी सैन्याची २८ वी ब्रिगेड, व तिच्याबरोबर ही बी बॅटरी, बोटीनें आणण्यांत आली, व २० जुलै रोजीं पहांटे छापा घालून गांव परत घेण्यांत आलें. पेठेंतल्या कचेरींतून उठून आलेले हे गोलंदाज आणि सरहद्दीवरचे शीख व पठाण शिपाई एकाच वाळूंत, एकाच उन्हांत लढले.

पुढें या बॅटऱ्या पवित्र भूमींत गेल्या. तेथील एक प्रसंग कंपनीच्या गौरवाचा नाहीं, पण तो टाळणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. १९१८ च्या एप्रिलअखेर यार्देनेपलीकडील एस-साल्ट गांवावर चढाई झाली. कंपनीच्या बॅटऱ्या तोफखान्याच्या १९ व्या ब्रिगेडमध्यें होत्या व ऑस्ट्रेलियन घोडेस्वारांना साहाय्य करीत होत्या. १ मे रोजीं नदीच्या उतारावरून तुर्कांनीं जोराचा हल्ला केला. मागें डोंगर, वाट अरुंद, ओढणारे घोडे पडलेले. या ब्रिगेडच्या ९ तोफा शत्रूच्या हातीं गेल्या. पॅलेस्टाईनच्या सबंध मोहिमेंत गमावलेल्या अशा तोफा एवढ्याच. तोफ हेंच ज्याचें निशाण, त्या गोलंदाजाला ती मागें टाकून यावें लागणें म्हणजे काय, हें कल्पनेनेंच जाणावें. माणसें मात्र बहुतेक परत आलीं. पांच महिन्यांनीं तीच ब्रिगेड दमास्कसच्या वाटेवर होती. आणि त्याच वाळवंटी घोडदळाच्या कोअरमध्यें पुण्याचें नांव चालविणारी पूना हॉर्सही होती.

फ्रान्समध्यें कंपनीच्या पहिल्या पलटणीनें १९१७ च्या २८ व २९ एप्रिलला गाव्रेल गांवाजवळ जें केलें, त्याला जोड थोडी सांपडेल. सेकंड लेफ्टनंट रेजिनाल्ड हेन, वय वर्षें २०, यानें हातबॉंबनिशीं पुन्हा पुन्हा हल्ले करून शत्रूचें एक बळकट ठाणें घेतलें. त्यांत ५० कैदी व दोन मशीनगन हातीं आल्या. दुसऱ्या दिवशीं शत्रूचा उलट हल्ला इतका तीव्र झाला कीं शेजारच्या तुकड्या हटूं लागल्या. तेव्हां सेकंड लेफ्टनंट आल्फ्रेड पोलार्ड हा अवघ्या चार माणसांनिशीं पुढें घुसला व गेलेली जागा त्यानें परत मिळविली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका पलटणीला एकाच ठिकाणीं, लागोपाठच्या दोन दिवसांत दोन! दुसरी पलटण इटलींत गेली. पुढें जनरल म्हणून प्रसिद्धीस आलेले रिचर्ड ओकॉनर त्या वेळीं तिचे प्रमुख होते. १९१८ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं पियावे नदीच्या पात्रांतील पापादोपोली बेट रात्रींच्या काळोखांत घेतलें. या महायुद्धांत कंपनीचे १,६०० हून अधिक सभासद कामास आले.

दुसऱ्या महायुद्धांत कंपनीनें घोड्यांच्या तोफखान्याच्या तीन रेजिमेंटा दिल्या: ११ वी, १२ वी व १३ वी. घोडे केव्हांच गेले होते. नांव तेवढें राहिलें होतें. ११ वी रेजिमेंट १९४२ सालीं लिबियांत नाइट्सब्रिज येथें व पुढें एल अलामीन येथें लढली. १२ वी ट्युनिसियांत. १३ वी नॉर्मंडीपासून ऱ्हाईन नदीपलीकडे. याशिवाय विमानविरोधी तोफांची एक रेजिमेंट लंडनच्या आकाशाचा पहारा करीत होती. येथें एक गंमत सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. ११ व्या रेजिमेंटीला ज्या चालत्या अमेरिकन तोफा मिळाल्या, त्यांवर मशीनगनसाठीं एक गोल उंचवटा होता. तो धर्मोपदेशकाच्या व्यासपीठासारखा दिसे, म्हणून इंग्रज शिपायांनीं त्या तोफेचें नांव 'प्रीस्ट', म्हणजे धर्मगुरु, असें ठेविलें. तिच्या आधींच्या तोफेला 'बिशप' म्हणत, मागाहूनच्या तोफेला 'सेक्स्टन', म्हणजे देवळाचा सेवक. १३ वी रेजिमेंट या सेक्स्टन तोफा घेऊनच पुढें गेली.

इटलीच्या मोहिमेंत ११ वी व १२ वी या दोन्ही रेजिमेंटा होत्या, आणि तेथेंच आमचे मराठेही होते. तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं नाईक यशवंत घाडगे यांनीं, व सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजीं शिपाई नामदेव जाधव यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. एकाच पर्वतांत, एकाच चिखलांत कोकण-देशावरचा शेतकरी आणि लंडनच्या पेढीवरचा कारकून लढत होता. या युद्धांत कंपनीच्या ७०० हून अधिक लोकांनीं देह ठेविला.

तदनंतर काळ पालटला. आज या रेजिमेंटीचें मुख्य काम गोळे फेंकण्याचें राहिलेलें नाहीं. शत्रूच्या हालचाली लपून टेहळणें व लक्ष्य हुडकून देणें, हें तिच्याकडे सोंपविलेलें आहे. बोस्निया, इराक, अफगाणिस्तान येथें तिचे लोक जाऊन आले. जुन्या काळचे भाले व बंदुका घेतलेली एक तुकडी १९२५ पासून तिच्यांत आहे, व लंडनच्या लॉर्ड मेयरच्या मिरवणुकींत ती शरीररक्षक म्हणून चालते. ज्या पदावरील एका मनुष्यानें १७८० सालीं हुकूम दिला नाहीं, त्याच पदाची ही राखण!

तोफांचा आवाज मात्र अद्याप ऐकूं येतो. १९२४ पासून लंडनच्या टॉवर किल्ल्याजवळ, थेम्सच्या धक्क्यावर, राजाच्या सलामीच्या तोफा डागण्याचा मान या कंपनीकडे आहे. राजाच्या वाढदिवसासारख्या प्रसंगीं तेथें ६२ बार होतात: शाही सलामीचे २१, टॉवर हा राजवाडा व किल्ला म्हणून २०, आणि लंडन शहराच्या निष्ठेचे म्हणून २१. धक्क्यामागच्या तटाच्या आंत संत पेत्राच्या नांवाचें एक लहान मंदिर आहे. आठव्या हेन्रीनें ज्यांचा शिरच्छेद करविला, आणि ज्यांना १९३५ सालीं अकरावे पायस यांनीं संतपद दिलें, त्या टॉमस मोर व जॉन फिशर यांचे देह तेथें पुरलेले आहेत.